बाकड्यावरचे सहा आवाज

आनंदाने एकतीस वर्षं क्रशरवर काढली. गावामागच्या डोंगरात सुरुंग लागायचे, डंपर दगड आणून ओतायचे आणि तो जबड्याच्या तोंडाशी उभा राहून अडकलेला दगड पहारीने सोडवायचा. जबडा म्हणजे दोन लोखंडी पाटे. त्यांच्यात दगड सापडला तर दगडाची खडी होते, हात सापडला तर हाताची. तिथे हयगय चालत नाही. आनंदाची दहाही बोटं शाबूत राहिली याचा त्याला अभिमान होता. कान गेले, पण ते हळूहळू गेले, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

क्रशरवर तोंडाने बोलून उपयोग नसतो. तिथे हात बोलतात. मूठ गरगर फिरवली की खडी वाहणारा पट्टा चालू. तळहात खाली दाबला की बंद. दोन बोटं ओठांना लावली की चहा. डोक्यावर हात ठेवला की शेठ आला. उघडा पंजा छातीवर ठेवला की जागा सोडू नको, थांबून राहा. दोघांनी मिळून धोंडा उचलायचा असेल तर पुढचा टाच जमिनीत रोवतो. मागच्याला ती तळपायातून कळते आणि दोघं एकदम जोर लावतात. आनंदाची बायको भामा सोळा वर्षं तिथेच घमेली उचलत होती. दोघांचा निम्मा संसार हातांवर झाला. घरी आल्यावरही मीठ, पाणी, झोप, राग सगळं हातांनीच.

अशा घरात आर्वी जन्मली, त्यांच्या मुलाची मुलगी. मुलगा निकेश द्रोणागिरीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. पाळी बारा तासांची, त्यामुळे सुट्टीचा वार सोडला तर पोर जागी असताना तो घरी नसतोच. सून दिपिका नेऱ्याची. ती खांदा कॉलनीतल्या एका पोळीभाजी केंद्रात सकाळी सात ते तीन पोळ्या लाटते. म्हणजे पोर आजा-आजीच्या हातांत वाढली, आणि इथे हात म्हणजे खरोखरच हात.

आज्याने मूठ फिरवली की आर्वी धावत यायची. दोन बोटं ओठांवर ठेवून चहा मागायची. अंगणवाडीच्या बाई दारात दिसल्या की ती डोक्यावर हात ठेवायची, शेठ आला, आणि घरभर हसू पिकायचं. “पोरीला सगलं कलतं,” भामा शेजारणींना सांगायची. “बोलत नाय एवढंच. तिचा बाप पन उशिराच बोलला.” कळत होतं हे खोटं नव्हतं. हाक मारली की आर्वी वळायचीही, कारण या घरात हाक मारताना पाय आपटायची सवय होती. दुसऱ्या एखाद्या घरात जे वर्षाच्या आत लक्षात आलं असतं, त्याला इथे तीन वर्षं लागली.

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरने तिच्या मागे उभं राहून घंटा वाजवली. बाकीची सगळी पोरं वळली. आर्वी हातातली बाहुली उलटीसुलटी करत राहिली.

पुढे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात फेऱ्या झाल्या. तारीख मिळायची, तारखेला डॉक्टर नसायचे, पुन्हा तारीख मिळायची. शेवटी पोरीला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं. दोन्ही कान जवळजवळ बंद निघाले. कानामागे लावायच्या मशीन मिळाल्या तेव्हा आर्वीला चार वर्षं आणि दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आधी तीन महिने मशीनवर बघायचं. ऐकू यायला लागलं तर चांगलंच. नाही आलं तर ऑपरेशन करून कानाच्या आत तार बसवायची. त्याचा खर्च एक संस्था करते, पण पाच वर्षं पूर्ण होण्याआधीच्याच मुलांचा करते. पाचानंतर नाव घेत नाहीत. म्हणून आर्वीचं नाव यादीत घालून ठेवलं.

पाचच का, हे निशाताईंनी समजावलं. निशाताई खांदा कॉलनीत एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत अशा मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवतात. वयाने दिपिकाएवढ्याच. त्यांनी सांगितलं की तान्हं मूल जगातल्या कुठल्याही बोलीचे आवाज वेगळे ओळखू शकतं. वर्षभरात ते आपल्या घरचे तेवढे घट्ट धरतं आणि बाकीचे सुटत जातात. ज्या मुलाच्या कानावर काहीच पडलं नाही, त्याला धरायलाच काही मिळत नाही, आणि धरायचं वय थांबून राहत नाही.

आनंदाला हे पटकन कळलं. क्रशरवर एकदा तेलंगणातून वडारांची टोळी आली होती. पहिले काही महिने त्यांचं बोलणं त्याला पट्ट्यावरून खडी ओतल्यासारखं वाटायचं. शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, सांधा सापडत नसे. दोन वर्षांनी पाणी कोण मागतंय आणि शिवी कोण देतंय एवढं कळायला लागलं. तरी त्यांचे काही आवाज त्याच्या कानाला शेवटपर्यंत सारखेच वाटले. तो ते बोलून दाखवायचा आणि वडारांच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्याच टोळीतलं दोन वर्षांचं पोर मात्र एका पावसाळ्यात भामाशी गावच्या बोलीत भांडायला लागलं. ओल्या सिमेंटवर कुत्र्याचा पाय पडला तरी उमटतो. सुकल्यावर पहार मारली तर नुसतं खरचटतं. आर्वीचं सिमेंट सुकत चाललं होतं.

निशाताईंनी घरी करायचं काम नेमून दिलं. आवाज सहा: आ, ई, ऊ, म, श, स. माणसाच्या बोलण्यातले जाडे आवाज आणि बारीक आवाज, सगळे या सहांच्या पल्ल्यात येतात. पोरीच्या मागे बसायचं, म्हणजे तिला ओठ दिसणार नाहीत. तिने एक चिंचोका गालाशी धरून थांबायचं. आवाज ऐकू आला की चिंचोका डब्यात टाकायचा. मधलं अंतर सारखं ठेवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ करायचं आणि वहीत खूण करायची. दिपिका कामावर, भामाचा जीव थाऱ्यावर नाही. आनंदा म्हणाला, मी करतो.

त्याने ते क्रशरच्या कामासारखं केलं. सकाळी आठला आणि दुपारी चारला तो ओट्यावरच्या बाकड्यावर बसायचा. बाकडं त्यानेच केलेलं होतं. दोन दगडांवर एक लांब फळी, दोघं बसले तरी वाकत नसे. पुढे आर्वी, मागे तो. गणपतीत पाच दिवस घर पाहुण्यांनी भरलं होतं, तरी खाडा झाला नाही. पहिले दोन आठवडे आर्वी चिंचोका धरून नुसती बसायची. तो आवाज काढायचा आणि तिचा हात धरून डब्यात टाकायला लावायचा. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी त्याने आ म्हटलं आणि चिंचोका आपोआप पडला. मग ऊ ला पडला. मग म ला. महिना संपता संपता सहाही. स तर आनंदाला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. दातांतून वारा जातोय एवढंच त्याला कळायचं. तो पोरीने ओळखला. त्या दिवशी त्याने चुलीपाशी बसलेल्या भामाला मूठ फिरवून दाखवली. पट्टा चालू.

खांदा कॉलनीत मात्र आर्वी बसत नसे. नवी खोली, नवी माणसं, ती मशीन उपटून फेकायची. रुग्णालयातही तेच झालं. तीन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी आनंदाची वही पाहिली. रोज दोन वेळा, सहा आवाज, सहा खुणा, एकही दिवस कोरा नाही. ते म्हणाले, असं काम करणारं घर मी बघितलं नाही. मशीनचा फायदा होतोय, आणखी तीन महिने असंच चालू ठेवा. ऑपरेशनच्या यादीतून नाव काढलं. भामाने गावात पेढे वाटले.

बोलणं मात्र येईना. घशातून एक घोगरा आवाज यायचा, हसताना, रडताना आणि चहा मागताना एकच. सहावा महिना सरत आला तेव्हा निशाताई म्हणाल्या, मी घरीच येऊन बघते. घरी ती बसेल.

त्या आल्या तेव्हा दिपिकाने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. आर्वीने त्यांना पाहून डोक्यावर हात ठेवला. याचा अर्थ काय, असं निशाताईंनी विचारलं आणि भामाने लाजत सांगितलं. ताईही हसल्या. मग आनंदा बाकड्यावर बसला, आर्वी पुढे बसली आणि सहा आवाजांना सहा चिंचोके पडले. दिपिकाने डोळे पुसले.

“आता मी करू?” निशाताईंनी विचारलं.

त्या आर्वीच्या मागे उभ्या राहिल्या. आ म्हणाल्या. मग मोठ्याने आ म्हणाल्या. मग ऊ, मग म. चिंचोका गालाशीच राहिला. आर्वी मन लावून वाट बघत होती. भामा म्हणाली, पोरीला आज्याची सवय हाय. आनंदालाही तेच वाटलं.

निशाताई थोडा वेळ बाकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आनंदाला पुन्हा बसायला सांगितलं. “काका, या वेळी सगळं रोजच्यासारखं करा. फक्त आवाज काढू नका. मनातल्या मनात म्हणा.”

आनंदा बसला. त्याने छाती भरून घेतली आणि मनात आ म्हटलं.

चिंचोका पडला.

मनात स म्हटलं. चिंचोका पडला. आर्वीने मागे वळून, शाबासकीसाठी हसून त्याच्याकडे बघितलं.

“आता पाय वर घ्या,” निशाताई त्याच्या कानाशी म्हणाल्या, “मांडी घालून बसा. आणि मोठ्याने म्हणा.”

त्याने मांडी घातली आणि ओरडून आ म्हटलं. शेजारच्या ओट्यावरचं मांजर उठून गेलं. आर्वी चिंचोका गालाशी धरून बसून राहिली.

तेव्हा त्याला कळलं. आवाज काढायच्या आधी त्याची टाच रुतत होती. एकतीस वर्षं धोंडा उचलताना रुतायची, तशीच. टाचेने फळी हलत होती आणि फळीतून पोरीला कळत होतं, आता जोर लाव. सहा महिने दोघं मिळून धोंडा उचलत होते. ऐकणं त्यात कुठे नव्हतंच.

आर्वीने त्याचा गुडघा ओढला, पुढचं कर म्हणून. आर्वीला पाच पूर्ण व्हायला साडेतीन महिने उरले होते आणि यादीत तिचं नाव नव्हतं.

निशाताईंनी सांगितलं की पुन्हा अर्ज करता येईल, पण डॉक्टरांच्या मंडळापुढे महिनाभराची नवी नोंद ठेवावी लागेल, आणि ती चोख पाहिजे. आनंदा म्हणाला, आधी जुन्या वहीवर लिहा, ही खोटी म्हणून. ताई म्हणाल्या, खोटी कशी म्हणू, तुम्ही रोज बसलात हे तर खरं आहे.

“बसलो त्याला काम नाय म्हनत, ताई,” आनंदा म्हणाला. “दगड फुटला का नाय, ते काम. लिवा तुमी.”

त्यांनी लिहिलं. त्याने खाली सही केली.

संध्याकाळी दिपिकाने भाकरी थापली, ताटं मांडली. ती कधी सासऱ्यापुढे वर तोंड करून बोलली नव्हती. ताट त्याच्यापुढे ठेवताना म्हणाली, “रोज पोल्या लाटताना मी मनात म्हनत होते, आठ वाजले, बाबा बसले असतील. आज सहा पडले असतील.” एवढंच बोलली. त्याला अर्धंच ऐकू आलं, तरी सगळं पोचलं. तो न जेवता उठला. भामाने हाताने विचारलं, का. त्याने ओट्यावर जाऊन बाकड्याची फळी काढली आणि भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवसापासून बाकडं बंद. आर्वीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, खुर्चीखाली गोधडीच्या चार घड्या. तो मागे दोन हात अंतरावर स्टुलावर मांडी घालून बसायचा. हात मांड्यांखाली दाबलेले. हे दुसऱ्या कुणी करावं असं भामाचं म्हणणं होतं. आनंदा म्हणाला, चुकवलं मी, निस्तरनार पन मीच.

पहिल्या दिवशी आ, शून्य. ई, शून्य. सहाही शून्य. आर्वी वाट बघायची, मग वळून बघायची. आजा मागे होता, पण आज्यात काहीच नव्हतं. टाच नाही, हात नाही. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. तिने चिंचोका नीट धरला, पाठ ताठ केली. जुन्या दिवसांसारखी शहाण्यासारखी बसली. तरी काही आलं नाही.

नवव्या दिवशी ती खुर्चीवरून उतरली, मागे आली आणि त्याच्या मांडीखालून हात ओढून काढायला लागली. त्याने दाबून धरला. ती ओढत राहिली, तिची नखं लागली. मग तिने त्याच्या तोंडावर चापट मारली आणि तो घोगरा आवाज काढत आजीकडे पळाली. “पुरे करा,” भामा म्हणाली. “पोर रडून मरंल.” आनंदाने वहीत लिहिलं: सकाळ, सहा शून्यं, पोर रडली. चार वाजता पुन्हा बसला.

एक टाच रुतवली असती तर पोर हसली असती. एवढंच अंतर होतं. एकतीस वर्षांत त्याने पाच-पाच मणांचे धोंडे हलवले, पण एक पाय न हलवण्याला इतका जोर कधी लागला नव्हता. आणि मनात जे चाललं होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. रोज आवाज काढताना तो देवाला म्हणत होता, पडू देऊ नकोस. ऐकू आलं तर ऑपरेशन नाही. स्वतःच्या नातीला ऐकू येऊ नये म्हणून तो दिवसातून दोन वेळा नवस बोलत होता.

एकविसाव्या दिवशी दुपारी ऊ ला चिंचोका पडला.

त्याने आपले पाय बघितले. मांडी घट्ट होती. हात खाली होते. वरून विमान जात नव्हतं, रस्त्यावर डंपर नव्हता. त्याने पुन्हा ऊ म्हटलं. नाही पडला. पुन्हा. नाही. पोर कंटाळून टाकून बसली असेल. की खरंच काही पोचलं असेल? ते लिहिलं तर मंडळ म्हणेल, बघा, मशीनवर येतंय. नाही लिहिलं तर ही वहीही पहिलीसारखीच. तो पेन्सिल धरून बराच वेळ बसला. मग लिहिलं: ऊ, तीनपैकी एकदा पडला. माझा पाय हलला नाही.

त्या रात्रीपासून त्याची झोप गेली.

मंडळाच्या दिवशी मुंबईला तिघं गेले, तो, दिपिका आणि आर्वी. निशाताई आधीच येऊन थांबल्या होत्या. दारापाशी आल्यावर आनंदा म्हणाला, मी आत येनार नाय. ताई म्हणाल्या, काका, तुम्हाला विचारतील. तो म्हणाला, इचारायला बाहेर या. पोर माझ्याकडे बघनार, आन माझा पाय माझ्या ऐकन्यातला नाय.

दार बंद झालं. तो व्हरांड्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला, हात मांड्यांखाली. आत ढोलकी वाजवत असतील, शिट्टी वाजवत असतील, नाव घेऊन हाका मारत असतील. त्याला यातलं काही ऐकू येणार नव्हतं. समोर पांढरी भिंत होती आणि तिच्यावर पंख्याची सावली फिरत होती. डोंगर पोखरणारा माणूस एका दारामागचं ऐकू शकत नव्हता. त्याला वाटलं, आर्वी रोज इथेच बसलेली असते. भिंतीच्या या बाजूला.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. बाक हलला म्हणून त्याने मान वळवली. दिपिका व्हरांड्याच्या टोकाशी, दारात उभी होती. मधे माणसांची गर्दी होती. तिथून बोललेलं त्याला कळणार नाही हे तिला माहीत होतं. नेऱ्याहून सून म्हणून आली तेव्हापासून तिला या घरातल्या हातवाऱ्यांची लाज वाटायची. पाहुण्यांसमोर ती पाठ फिरवायची. आता तिने सगळ्यांदेखत उजवा हात उचलला आणि उघडा पंजा छातीवर ठेवला.

जागा सोडू नको. थांबून राहा.

जवळ आल्यावर तिने तोंडाने सांगितलं, कानाशी, सावकाश. नाव यादीत पुन्हा घातलं. दोन्ही वह्या वाचल्या. ऊ चं विचारलं, पण त्यावर अडले नाहीत. आर्वीच्या पुढे अकरा मुलं आहेत. वाढदिवसाला नऊ आठवडे आहेत. संस्थेचं पत्र त्याआधी आलं तर होईल. नाही आलं तर नाही.

“अकरा,” आनंदा म्हणाला.

“अकरा,” दिपिका म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

बाक हलवला होता आर्वीने. ती केव्हाच येऊन त्याच्या पलीकडे चढून बसली होती. चाचणीत रडून तिचे डोळे सुजले होते, एका कानामागची मशीन लोंबत होती. तिने त्याच्या मांडीखालचा हात शोधला आणि ओढला. या वेळी त्याने सोडला. तिने त्याची मूठ एकेक बोट करून उघडली, तळहात बघितला, जणू महिनाभर त्याने त्यात काही लपवून ठेवलं होतं. मग स्वतःची दोन बोटं ओठांना लावली.

चहा.

आनंदाने आधी तिची मशीन नीट बसवली. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन “च्या” म्हणाला, मोठ्याने, व्हरांड्यातली माणसं वळून बघतील इतक्या. तिने काही ऐकल्याचं दाखवलं नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

त्याने दोन बोटं ओठांना लावली.